अकरा ओळींची बातमी

नर्सनं डोळ्यांत थेंब घातले आणि सांगितलं, आता अर्धा तास डोळे मिटून बसायचं, उघडले तरी धड काही दिसणार नाही. ती भिंतीकडेच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली. शेजारी कुणीतरी खोकत होतं, समोर एक बाई नवऱ्याला दबक्या आवाजात रागावत होती की चष्म्याचा जुना नंबर घरी विसरलात ते विसरलातच. तिला हे ऐकायला बरं वाटत होतं. तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. आकडे दिसेनात, म्हणून तिनं अंदाजानं बोट फिरवलं. "मॅडम, मी तुमच्याच पेपरातून बोलतेय," एक तरुण, उत्साही आवाज म्हणाला. "म्हणजे तुम्ही होतात त्या. आम्ही एक पुरवणी काढतोय, गाजलेल्या थापांवर. एका पेपरानं चंद्रावर पंखवाली माणसं राहतात असं छापलं होतं बघा, टीव्हीवर झाडाला लागलेल्या शेवया तोडताना दाखवल्या होत्या, तसलं सगळं. मग म्हटलं, आपल्या घरचीही एखादी हवी. फोरमनकाकांनी तुमचं नाव सांगितलं." तिनं विचारलं, "कशाबद्दल?" खरं तर विचारायची गरज नव्हती. "पाण्याखालच्या घंटेबद्दल. ती तुम्ही लिहिली होती ना?" समोरची बाई अजून नवऱ्याला बोलतच होती. "सहा वाजता फोन करा," ती म्हणाली आणि फोन पर्सच्या तळाशी, रुमालाखाली सरकवला. कुणी बघू नये असं काही हातात सापडल्यासारखा.

बेचाळीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. विचारू शकतील अशी माणसं एकेक करून निवृत्त झाली, गेली. छापखान्याचे फोरमन अजून आहेत हेच तिला ठाऊक नव्हतं. डोळे मिटल्यावर पापण्यांच्या आत नारिंगी उजेड हलत राहिला आणि त्या उजेडात तिला दुपारच्या पेपरची ती लांबट खोली दिसायला लागली. टेबलांवर शाईचे डाग, खिडकीशी फिरणारा पंखा, दर फेरीला कागद उडवणारा, आणि त्यावर ठेवायला प्रत्येकानं कुठून कुठून उचलून आणलेली वजनं. ती चोवीस वर्षांची होती, नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती. मुख्य उपसंपादकांना सगळे 'कात्री' म्हणायचे, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. त्या दिवशी पान तीनवरची एक जाहिरात ऐन वेळी रद्द झाली. फोरमन दारात येऊन उभे राहिले. "अकरा ओळी मोकळ्या आहेत. पाच मिनिटांत द्या, नाहीतर तिथं माझा फोटो टाकतो." कात्रींनी तिच्याकडे मान वळवली. "काहीतरी लिही. कुणी मरायला नको आणि कुणी कोर्टात जायला नको, एवढं बघ." ती हसली. तिला वाटलं, आपल्यावर विश्वास टाकलाय. खरंच टाकला होता म्हणा.

तिनं काय लिहायचं याचा विचारसुद्धा केला नाही, हे नंतर तिला फार वेळा आठवलं. पेन टेकलं आणि धरण आलं. घरात धरणाशिवाय दुसरं बोलणंच नसायचं, त्यामुळे असेल. ती दोन वर्षांची असताना त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. दादा तेव्हा सात वर्षांचा, त्याला ट्रकवरची पेटी आठवायची आणि पेटीवर बसलेली आई. बाकी गाव म्हणजे बाबांच्या बोलण्यातलं. तिनं लिहिलं, की यंदा पाण्याची पातळी घटल्यानं बुडालेल्या गावाच्या शाळेतली पितळी घंटा पहाटेच्या शांततेत वाजताना ऐकू येते, असं परिसरातल्या काही रहिवाशांनी सांगितलं. मग दोन ओळी वाऱ्याबद्दल, एक ओळ जुन्या आठवणींना उजाळा मिळाल्याबद्दल. अकरा भरल्या. शेवटच्या ओळीत दोन शब्द जास्त झाले, ते फोरमननी काढले.

'काही रहिवाशांनी सांगितलं.' सगळी मेख तिथं होती. असा एकही रहिवासी नव्हता. पण आठवड्याभरात त्रेचाळीस पत्रं आली आणि प्रत्येक पत्रातला माणूस म्हणत होता, तो मी. एका निवृत्त संगीत शिक्षकानं घंटेचा सूर कोणता ते कळवलं. पाणीपुरवठ्याच्या एका इंजिनियरनं दीड पान भरून समजावलं होतं, की थंड आणि गरम पाण्याचे थर एकमेकांवर सरकतात तेव्हा तळाच्या वस्तू हलतात, यात अद्भुत काही नाही, लोकांनी उगाच गवगवा करू नये. त्याला घंटा खोटी वाटली नव्हती, फक्त लोकांचं आश्चर्य खोटं वाटलं होतं. एका बाईनं तक्रार केली होती की तिची झोपमोड होते. दुसऱ्या पेपरानं दोन घंटा छापल्या. रविवारी धरणाच्या भिंतीवर एवढी गर्दी व्हायला लागली की एसटीनं सकाळची जादा गाडी सोडली. ती पत्रं फोडताना आधी तिला गुदगुल्या झाल्या, मग तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हसू येईनासं झालं. तिनं चार ओळींचा खुलासा लिहून कात्रींपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "हे छापलं तर लोक आपल्यालाच खोटं पाडतील," ते म्हणाले, अगदी मायेनं. "त्यांनी ऐकलीय. आपण कोण नाही म्हणणार?" आणि तो कागद खणात टाकला.

"डोळे उघडा बघू," डॉक्टर म्हणाले. ती केव्हा आत गेली, केव्हा हनुवटी त्या थंडगार पट्टीवर टेकवली, तिला नीट कळलंच नव्हतं. पांढरा उजेड डोळ्यात घुसला आणि आपल्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्या तिला क्षणभर पानझड झालेल्या झाडासारख्या दिसल्या. मोतीबिंदू आहे, घाई नाही, सहा महिन्यांनी बघू, असं काहीसं त्यांनी सांगितलं. बाहेर आली तर रस्ता दुधात बुडवल्यासारखा. दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. सिग्नलचा तांबडा दिवा फुटून त्याची चार फुलं झाली होती. शेजारच्या माणसाला विचारून तिनं बस पकडली. घराकडे जाणारी बस नव्हती ती. पुरवणी छापली जाण्याआधी एका माणसाला हे तिच्या तोंडून कळायला हवं होतं, आणि तो माणूस चार थांब्यांवर राहत होता.

खिडकीतून काहीच दिसत नसल्यामुळे तिला बाबा दिसत राहिले. बाबा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. उभं आयुष्य त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवलं. पारड्याच्या खाली चिकटवलेलं मेण, पोकळ केलेली वजनं, काट्याला दिलेला हलका बाक, यातलं काही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. घरी कुणी काही सांगितलं, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "कुणी बघितलं?" आईची बहीण त्यांना 'फौजदार' म्हणायची. बातमी आली त्या संध्याकाळी तिला वाटलं होतं, बाबा वाचतील, हसतील आणि म्हणतील, कुठल्या गाढवानं लिहिलंय हे? मग ती सांगेल, या गाढवानं. आणि घरात महिनाभर तो विनोद चालेल. बाबा जेवायला बसले ते पेपरची घडी घालून, पान तीन वर करून. "तुझ्या पेपरात आलंय बघ," ते म्हणाले. तिनं तोंड उघडलं. पण त्यांनी चष्मा काढला होता आणि सदऱ्याच्या टोकानं तो पुसत होते, पुसून झाला तरी पुसत होते. "आमची शाळा," ते म्हणाले. तिनं भाताचं भांडं पुढं सरकवलं. उद्या सांगू, तिला वाटलं. आज जेवण तरी होऊ दे.

आणि त्यातलं खरं विचित्र तिला पुढच्या आठवड्यात कळलं. दादानं जेवताना सहज विचारलं, "पण बाबा, आपल्या शाळेत पितळी घंटा कुठं होती? रुळाचा तुकडा टांगलेला होता ना? शिपाई त्याच्यावर लोखंडी गज मारायचा." तिचा घास हातातच राहिला. तिला हे माहीतच नव्हतं. तिनं शाळा म्हटल्यावर घंटा आणि घंटा म्हटल्यावर पितळ लिहून टाकलं होतं. आता सुटका झाली, तिला वाटलं, तराजूच्या पारड्याखालचं मेण सापडलं. बाबांनी थोडा वेळ विचार केला. "नंतर आणली असेल," ते म्हणाले. महिन्याभरानं ते म्हणाले, शेवटच्या वर्षी आणली होती. वर्षभरानं त्या घंटेला एक छोटी चीर होती आणि ती चीर ज्याच्यामुळे पडली त्या गावातल्या पोराचं नावसुद्धा होतं. तिनं अकरा ओळी लिहिल्या होत्या, बाबांनी त्याच्या कितीतरी पुढं लिहिलं. खोट्यात जिथं जिथं भोक होतं तिथं तिथं त्यांनी स्वतःजवळचं खरं काढून लावलं. तो पोरगा खरा होता, त्याचा खट्याळपणा खरा होता. पुढं नोकरीत तिनं अनेक कंड्या पिकताना आणि विरताना पाहिल्या आणि तिला कळलं, की लोक भोळे असतात म्हणून फसतात हे खरं नाही. माणूस स्वतःचं काहीतरी त्यात घालतो आणि मग ती बातमी त्याची होते. स्वतःच्या वस्तूवर कोण संशय घेईल?

दादाचा दरवाजा उघडाच होता. तो स्टुलावर उभा राहून खिडकीच्या काचा पुसत होता, ओल्या पेपरच्या बोळ्यानं. वहिनी गेल्यापासून त्याला अशी कामं सुचत असतात. "अगं, तू? फोन तरी करायचास," तो म्हणाला आणि तिचे डोळे बघून घाईनं खाली उतरला. "रडलीस की काय?" "थेंब घातलेत रे. उजेड सहन होत नाही." त्यानं पडदा ओढला, तिला खुर्चीत बसवलं, चहा टाकला. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्याला तेरा वर्षं झाली तरी बोलताना अजून मध्येच थांबतो, समोरच्याला ऐकू गेलं का याची खात्री करून घेतल्यासारखा. चहा पुढ्यात आल्यावर तिनं कप उचलला नाही. तिनं सांगून टाकलं. जाहिरात, अकरा ओळी, कात्री, पितळ, खणातला खुलासा. पेपरची मुलगी सहा वाजता फोन करणार आहे हेही. सांगताना दादाचा चेहरा तिला स्पष्ट दिसत नव्हता, नुसता एक फिकट गोल, आणि तिला वाटलं, बरं झालं.

त्यानं चहाचा चमचा उचलला. महिन्यातून एक रविवार, अकरा वर्षं, बाबा जाईपर्यंत. पहाटेच्या गाडीनं तो बाबांना धरणावर घेऊन जात असे. त्याची दुसऱ्या शहरात बढतीवर बदली झाली होती, ती त्यानं नाकारली, कारण बाबा इथून हलायला तयार नव्हते. हे सगळं आता त्या फिकट गोलाच्या आत फिरत असणार. तिनं मनाची तयारी केली, की तो ओरडेल.

"मला कधी ऐकू आली नाही," दादा म्हणाला.

"काय?"

"घंटा. एकदाही नाही." तो चमच्यानं कपातली साय एका बाजूला सारत होता, त्याचा बारीक आवाज येत होता. "पहिल्या रविवारी भिंतीवर शे-दोनशे माणसं होती. सगळी गप्प. मग एक म्हातारा म्हणाला, 'आली.' शेजारच्यानं मान डोलवली. मग सगळीच मान डोलवायला लागली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, हो, आली. काय म्हणणार होतो? एवढ्या लोकांना येते, मलाच येत नाही, म्हणजे माझ्याच कानात काहीतरी असणार. तेव्हा मी दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायचो. वाटलं, गेले कान."

"आणि बाबांना?"

"परत येताना गाडीत म्हणाले, 'तुला स्वच्छ ऐकू आली ना? मला हल्ली जरा कमी येतं. तुला आली म्हणजे झालं.' दर वेळी तेच. मी हो म्हणायचो आणि ते खिडकीबाहेर बघत बसायचे. खूश असायचे." तो थांबला. "म्हणजे मी त्यांच्यासाठी ऐकत होतो आणि ते माझ्यावर विसंबून. दोघांनाही काहीच येत नव्हतं."

त्याला हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलेपर्यंत. तिलाही आलं, इतकं की थेंब घातलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "फौजदार!" दादा म्हणाला आणि पुन्हा हसला. चहा गार झाला होता, तरी तिनं तो पिऊन टाकला. एवढंच होतं तर, तिला वाटलं. या एवढ्याशासाठी मी बेचाळीस वर्षं.

सहाला दोन मिनिटं कमी असताना फोन आला. दादानं तो स्पीकरवर टाकून दिला, तिला बटणं दिसत नव्हती म्हणून. तिनं मुलीला सगळं सरळ सांगितलं, काही न लपवता. बाबांबद्दल सांगितलं नाही, ते छापायचं नव्हतं. पण पत्रांबद्दल, इंजिनियरबद्दल, झोपमोड होणाऱ्या बाईबद्दल सांगितलं. मुलगी भराभर टाइप करत होती, कळांची टकटक ऐकू येत होती. "लोकांनी विश्वास का ठेवला असेल, मॅडम?" मुलीनं विचारलं. तिच्याकडे उत्तर तयार होतं, बसमध्ये जुळवलेलं. पण आता ते तिला अपुरं वाटलं. "प्रत्येकाला वाटलं, शेजारच्याला येतेय," ती म्हणाली. "आणि शेजारच्याला दुखवायची कुणाची इच्छा नव्हती. तुम्ही हे छापाल तेव्हा काही जण तुम्हाला रागानं पत्र लिहितील. त्यांना उलट लिहू नका." मुलगी हसली. "शेवटचा प्रश्न. तुम्ही स्वतः कधी गेला होतात का तिथं? बघायला?"

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

फोन बंद झाला. खोलीत पडद्यामागून येणारा उजेड मंद झाला होता आणि तिला हळूहळू वस्तूंच्या कडा दिसायला लागल्या होत्या. टेबलाची कड, किटलीची चोच. दादा हसत नव्हता.

"म्हणून येत नव्हतीस तू?"

"म्हणून म्हणजे? कशी येणार? तुम्ही दोघं तिथं कान देऊन उभे राहणार आणि मी शेजारी उभी राहून काय करणार? माझ्यानं झालं नसतं ते. कधी काम म्हणून सांगायचे, कधी डोकं दुखतं म्हणून."

"हो. डोकं." दादानं दोन्ही कप उचलले, मग पुन्हा खाली ठेवले. "बाबांनी तुला तीनदा विचारलं होतं. चौथ्यांदा मी म्हटलं, आज बोलवू या का तिला? तर म्हणाले, 'राहू दे. ती आता पेपरवाली झाली. बुडालेल्या गावाची माणसं बरोबर घेऊन फिरायची तिला लाज वाटत असेल. तिच्या जागी ते बरोबरच आहे.' रागानं नाही म्हणाले हं. अगदी समजुतीनं म्हणाले."

तिनं आपला रिकामा कप जवळ ओढला.

"आणि मलाही तेच वाटायचं," तो म्हणाला. "म्हणजे, अजूनपर्यंत. तुझ्या लग्नात तू आमची ओळख करून देताना गावाचं नाव घेतलं नाहीस, तेव्हा पक्कंच झालं. मग जे जे दिसायचं ते त्यातच बसायचं. तू दिवाणखान्यात बाबांचा फोटो लावला नाहीस."

"अरे, तो फोटो माझ्या झोपायच्या खोलीत आहे! समोरच. रोज सकाळी पहिला तोच दिसतो मला."

"मला काय माहीत? मी तुझ्या झोपायच्या खोलीत कधी आलोय?"

इतकी वर्षं तिला वाटत होतं, की आपण एक खोटी बातमी केली आणि तिला जपलं. दुसरी एक बातमी त्याच वेळी, त्याच घरात तयार होत होती. ती कुणी लिहिली नव्हती, कुठल्या पानावर आली नव्हती, आणि कसलाही तराजू न लावता बाबांनी ती खरी मानली. त्यांनीच, ज्यांचं पहिलं वाक्य 'कुणी बघितलं' असायचं. शेवटच्या आजारात दवाखान्यात ती त्यांच्या उशाशी रोज बसायची आणि ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, "तू जा, तुझी कामं असतील." तिला ते प्रेम वाटायचं. ते प्रेमच होतं. पण त्याच्या आत हे होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. घंटेची थाप परवा छापून येईल आणि मिटेल. या दुसऱ्या बातमीचा खुलासा कुणाकडे पाठवायचा? ज्यांच्याकडे पाठवायचा ते नव्हते.

"लाज नव्हती वाटत," ती म्हणाली. "दादा, मला तुमची लाज नव्हती वाटत. कधीच नाही. मला माझी वाटत होती."

दादानं मान हलवली. पण ती मान हलवणं तिनं नोकरीत हजारदा पाहिलं होतं. आतल्या पानावर, बारीक टाइपात, चार दिवस उशिरा आलेला खुलासा माणूस ज्या तऱ्हेनं वाचतो, तसं. वाचतो, हो म्हणतो, आणि मनात पहिलीच बातमी राहते. त्यालाही ते जाणवलं असावं. तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला, इतका जवळ की त्याच्या बोटांना लागलेली पेपरची शाई तिला दिसली. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून.

"पटतंय मला," तो म्हणाला. "पण चाळीस वर्षं झाली गं. एकदम आत जात नाही. पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं.

"अजून एकदा," तो म्हणाला.